शिक्का आहे, मोर्तब कुठे?

बँकेतले पितळी टोकन आजच्या तरुण वाचकांनी बहुधा पाहिलेले नसेल. चेक खिडकीत दिला की कारकून आकडा कोरलेले एक टोकन हातावर ठेवी. चेक आत जाई, सही ताडून पाहिली जाई, लेजरात नोंद पडे, अधिकाऱ्याची सही होई आणि मग रोखपाल आकडा पुकारी. टोकनावर नाव नसे, गाव नसे. टोकन ज्याच्या हाती, पैसे त्याच्या हाती. म्हणून जुने खातेदार ते मुठीत घट्ट धरून बाकावर बसत आणि एखादे हरवले की शाखेत धावपळ उडे. त्या टोकनाची एक गोष्ट मात्र फार चांगली होती. संध्याकाळी सारी टोकने मोजून पुन्हा पेटीत जात. एका टोकनाचे आयुष्य फार तर तासाभराचे.

हाच शब्द आज संगणकाच्या जगात जसाच्या तसा वापरला जातो आणि त्याचा अर्थही फारसा बदललेला नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, गूगल किंवा एक्सवर एखाद्या दुसऱ्या कंपनीची सेवा जोडताना आपण ‘परवानगी द्या’ या बटणावर बोट टेकवतो, तेव्हा एक टोकन तयार होते. ते पितळेचे नसते, अक्षरे आणि आकडे यांची एक लांबलचक ओळ असते. ते आपल्या खिशात येत नाही. ज्या कंपनीला आपण परवानगी दिली तिच्या सर्व्हरवर, म्हणजे दिवसरात्र चालू असणाऱ्या कुठल्याशा दूरच्या संगणकावर, ते जाऊन बसते. आणि त्याचे आयुष्य तासाभराचे नसते. कधी साठ दिवस, कधी वर्षभर, तर कधी आपण रद्द करेपर्यंत. तोवर ती कंपनी आपण झोपेत असतानाही ते टोकन दाखवून आपल्या नावाने मजकूर टाकू शकते किंवा आपल्या खात्यातला मजकूर वाचू शकते.

घाबरून जाण्यासारखे यात काही नाही. असा दीर्घ मुदतीचा अधिकार आपल्यालाच हवा असतो. प्रश्न एवढाच की तो दिला केव्हा, कशापुरता आणि संपणार केव्हा, हे देणाऱ्याला ठाऊक असते का?

सुप्यातली खानावळ

पारनेर तालुक्यातले सुपा नगर-पुणे रस्त्यावर आहे. शहाजीराजांच्या जहागिरीतले ‘पुणे-सुपे’ म्हणतात ते बारामतीकडचे सुपे वेगळे. आमचे हे सुपा दुष्काळी पट्ट्यातले, आसपासच्या डोंगरावर पवनचक्क्या फिरणारे आणि आता औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाणारे. कारखाने आले, त्यांच्यामागे परगावचे कामगार आले, आणि कामगारांमागे खोल्या, डबे, खानावळी आल्या. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, तरी एसटीत बसणारा माणूस अजून ‘एक नगर’ असेच तिकीट मागतो. बदल असे थोडे वरून, थोडे आतून होत असतात.

येथे डबे पुरवणाऱ्या एका बाई माझ्या ओळखीच्या आहेत. डब्यांच्या जोडीला शेंगदाण्याची चटणी, कुरडया आणि बाजरीच्या खारोड्या विकतात. पूर्वी फळ्यावर खडूने ‘आजचे जेवण’ लिहीत. मग भाच्याने फेसबुकवर पान उघडून दिले, इन्स्टाग्रामवर खाते काढले आणि एक सेवा जोडून दिली. आठवड्याचे जेवण रविवारी भरून ठेवायचे. रोज सकाळी सात वाजता त्या दिवसाचा फलक आपोआप झळकायचा. बाई तेव्हा पोळ्या लाटत असायच्या. फोनला पीठ लागायचे कारण उरले नाही. पुण्या-मुंबईला गेलेल्या लोकांकडून खारोड्यांची मागणीही येऊ लागली.

पुढे भाच्याला पुण्यात नोकरी लागली. तिकडे त्याचा फोन चोरीला गेला. शहाण्या माणसाने करावे तेच त्याने केले, फेसबुकचा पासवर्ड तातडीने बदलला. दुसऱ्या दिवसापासून सुप्यातला सकाळचा फलक बंद पडला. कामगारांना वाटले, खानावळच बंद झाली. चार दिवसांनी उलगडा झाला. पान बाईंच्या धंद्याचे होते, पण परवानगी भाच्याच्या खात्यातून दिलेली होती. फेसबुकवर पासवर्ड बदलला की आधी दिलेली टोकने निकामी होतात, आणि तसेच झाले होते.

बँकेतला माणूस निवृत्त झाला तरी गावात ‘साहेब’च राहतो. बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “साहेब, नाव माझं, चटणी माझी, गिऱ्हाईक माझं. मग किल्ली त्याच्याकडं कशी?”

या प्रश्नाचे उत्तर द्यायला सारा संगणकशास्त्राचा अभ्यास लागत नाही. थोडा टोकनाचा इतिहास आणि थोडा आपल्या बापजाद्यांच्या कागदपत्रांचा व्यवहार पुरतो.

कोरा चेक ते टोकन

वीस वर्षांपूर्वी एका संकेतस्थळाला दुसऱ्या संकेतस्थळावरची तुमची माहिती हवी असली, तर ते सरळ तुमचा पासवर्ड मागे. नवी सेवा म्हणे, तुमच्या ई-मेलचा पासवर्ड द्या, आम्ही तुमचे मित्र शोधून देतो. लोक देत. ही म्हणजे सही केलेल्या कोऱ्या चेकांचे पुस्तकच हवाली करण्याची तऱ्हा. त्या सेवेने किती रक्कम घालावी, किती वेळा काढावी यावर ताबा नाही आणि बंद करायचे तर पासवर्डच बदलायचा, म्हणजे सगळ्यांचीच दारे बंद.

यावर तोडगा काढण्याची खटपट २००६ च्या अखेरीस सुरू झाली. तेव्हा ट्विटरमध्ये काम करणारे ब्लेन कुक आणि इतर काही अभियंते एकत्र आले आणि २००७ साली ‘ओ-ऑथ’ नावाच्या पद्धतीची पहिली आवृत्ती तयार झाली. ट्विटरने २०१० च्या ऑगस्टअखेर बाहेरच्या सेवांना पासवर्ड वापरून आत येण्याची वाट बंद केली. ऑक्टोबर २०१२ मध्ये या पद्धतीची दुसरी आवृत्ती प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. आज आपण रोज वापरतो ती बहुतेक हीच.

तिची रीत समजायला सोपी आहे. बाईंना फलक लावणारी सेवा जोडायची आहे. सेवा त्यांना फेसबुकच्या दारात नेऊन उभी करते. तिथे बाई आपला पासवर्ड फेसबुकलाच सांगतात, सेवेला तो कळत नाही. मग फेसबुक विचारते, ‘ही सेवा तुमच्या पानावर मजकूर टाकण्याचा अधिकार मागते आहे. द्यायचा का?’ बाई हो म्हणतात. फेसबुक एक तात्पुरती खूण देऊन त्यांना सेवेकडे परत पाठवते. सेवेचा सर्व्हर ती खूण आणि स्वतःचा गुप्त परवलीचा शब्द अशी दोन्ही फेसबुकला दाखवतो आणि बदल्यात टोकन मिळवतो. खूण वाटेत कुणी हिसकावली तरी परवलीचा शब्द नसल्याने ती वाया जाते. चेक एकीकडे, नमुना सही दुसरीकडे आणि दोन्ही जुळल्यावरच व्यवहार, असा हा बँकेच्या वळणाचा कारभार आहे.

टोकन मिळाल्यावर मात्र गोष्ट बदलते. या टोकनांचा रुळलेला प्रकार ‘बेअरर’ म्हणून ओळखला जातो. बेअरर चेक आपल्याला माहीत आहे. आणणाऱ्याला पैसे द्या, आणणारा कोण हे विचारू नका. हे टोकनही तसेच. ज्याच्या हाती, तो धनी. म्हणूनच ते फोनात किंवा ब्राउझरमध्ये उघडे ठेवत नाहीत; सर्व्हरवर, कुलूपबंद ठेवायचे असते.

मुदत किती असावी?

अशा बेअरर टोकनाला मुदत किती असावी, यावर अभियंत्यांचे आजवर एकमत झालेले नाही. होणारही नाही, कारण दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

मुदत तासाभराची ठेवली तर चोराच्या हाती लागूनही फारसे बिघडत नाही. पण मग बाईंनी पोळी लाटता लाटता दर तासाला ‘हो’ म्हणायचे का? सकाळी सातचा फलक आपोआप लागावा, रात्री आलेल्या चौकशीला ताबडतोब पोच जावी, महिन्याअखेर जाहिरातीचा हिशेब तयार मिळावा, यासाठी माणूस समोर नसतानाही चालणारा अधिकार लागतो. मुदत काढूनच टाकली तर सोय शंभर टक्के, पण विसरलेले टोकन कायमचे जिवंत.

फेसबुकने आधी दुसरा मार्ग धरला होता. ‘ऑफलाइन अ‍ॅक्सेस’ नावाची एक परवानगी असे. ती मिळाली की टोकनाला अंतच नसे. २०१२ साली ती परवानगी मोडीत काढण्यात आली. तेव्हापासून आधी तास-दोन तासांचे छोटे टोकन मिळते आणि सर्व्हरने आपला गुप्त शब्द दाखवून मागितले तर त्याच्या बदल्यात सुमारे साठ दिवसांचे मोठे टोकन मिळते. इन्स्टाग्रामचे साठ दिवसांचे टोकन मुदत संपण्याआधी पुन्हा वाढवून घेता येते. गूगलने वेगळी तोड काढली. तिथे दोन टोकने मिळतात. एक तासाभराचे, कामाचे. दुसरे दीर्घ मुदतीचे. त्याचे काम एकच, पहिले संपले की नवे मागून आणायचे. हे दुसरे टोकन सहा महिने वापरले नाही तर गूगल ते आपणहून बाद करते. बँकेत बराच काळ व्यवहार नसलेले खाते निष्क्रिय ठरवतात, त्यातला हा प्रकार. उलट एक्सच्या जुन्या पद्धतीच्या टोकनांना मुदतच नाही. रद्द करीपर्यंत ती चालतात.

विसरलेल्या किंवा चोरलेल्या टोकनांनी काय होते, याचे दोन धडे जगाला २०१८ साली एकापाठोपाठ मिळाले.

पहिला धडा मार्चमधला, केंब्रिज अ‍ॅनालिटिकाचा. काही वर्षांपूर्वी फेसबुकवर एक व्यक्तिमत्त्व चाचणी फिरली होती. सुमारे पावणेतीन लाख लोकांनी ती सोडवली. तेव्हाच्या नियमांनुसार चाचणी सोडवणाऱ्याच्या परवानगीवर त्याच्या मित्रांचीही माहिती घेता येत असे. म्हणून फेसबुकच्याच अंदाजाने झळ पोचली ती ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांना. भारतात चाचणीचे अ‍ॅप घेणारे फक्त ३३५ होते. ज्यांच्या माहितीला झळ पोचली असण्याची शक्यता होती त्यांचा आकडा होता ५ लाख ६२ हजार ४५५. एकाने सही करायची आणि सगळ्या भावकीचा सातबारा दुसऱ्याच्या हाती जायचा, असा तो हिशेब.

दुसरा धडा त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधला. फेसबुकच्या स्वतःच्या प्रणालीतल्या एका दोषामुळे चोरांना लोकांची टोकने मिळवता आली. पासवर्ड एकाचाही चोरला नव्हता, त्याची गरजच नव्हती. आरंभी पाच कोटी खात्यांचा अंदाज होता, नंतर सुमारे तीन कोटी लोकांची टोकने गेल्याचे कंपनीने सांगितले. उपाय म्हणून नऊ कोटी खात्यांची टोकने रद्द झाली. त्या दिवशी जगभर अनेकांना फेसबुकने अचानक बाहेर काढून पुन्हा पासवर्ड विचारला, तो याचसाठी. पितळी टोकनांची पेटीच चोरीला गेली तर बँक दुसरे काय करणार? सारे आकडे बाद करून नवी टोकने पाडणार.

मुखत्यार आणि मालक

माणूस समोर नसताना त्याच्या नावाने दुसऱ्याने काम करावे, ही गरज संगणकाने निर्माण केलेली नाही. मुंबईला गिरणीत गेलेला भाऊ गावच्या जमिनीच्या कामासाठी धाकट्याला मुखत्यारपत्र करून देतच असे. आपल्याकडे ‘कुलमुखत्यारपत्र’ आणि ‘विशेष मुखत्यारपत्र’ हा फरक शेतकऱ्यालाही कळतो. एकात सारे अधिकार, दुसऱ्यात एखादेच काम. जिथे रस्ता आला, कारखाना आला आणि जमिनीला भाव आला, तिथे तर हा फरक फार महागात शिकलेली घरे आहेत.

या विषयावरचा कायदा जुना आहे. करार कायदा १८७२ चा, मुखत्यारपत्राचा स्वतंत्र कायदा १८८२ चा. त्यातली दोन सूत्रे टोकनालाही तंतोतंत लागू पडतात.

पहिले, मुखत्यार म्हणजे मालक नव्हे. मुखत्यारपत्रावर जमिनी ‘विकण्याची’ पद्धत देशभर बोकाळली होती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये, सूरज लँप विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात स्पष्ट सांगितले की अशा कागदाने मालकी हस्तांतरित होत नाही. खानावळीचे पान चालवणारा भाचा असो की पगारी कंपनी, त्यांच्याकडे असतो तो काम करण्याचा अधिकार. पान बाईंचे.

दुसरे सूत्र अधिक बारकाईचे. करार कायद्याचे कलम २०८ सांगते की मुखत्याराचा अधिकार काढून घेतला, तरी तिऱ्हाइताच्या दृष्टीने तो तेव्हाच संपतो, जेव्हा तिऱ्हाइताला ते कळते. तुम्ही घरात बसून मुखत्यारपत्र फाडले आणि बँकेला कळवलेच नाही, तर बँक त्या मुखत्याराची सही पाहून पैसे देणारच. टोकनाचेही तेच. फोनमधून अ‍ॅप पुसून टाकले की परवानगी संपली, असे फार लोकांना वाटते. फोनमधले अ‍ॅप पुसणे म्हणजे घरातली प्रत फाडणे. टोकन सर्व्हरवर तसेच असते. फेसबुकला किंवा गूगलला जाऊन ‘यांचा अधिकार काढला’ असे सांगावे लागते. त्याविना ते दाखवणाऱ्याला दार उघडतच राहतात.

खानावळीच्या बाबतीत नेमके हेच आढळले. फलकाची भानगड मिटवताना बाईंचे गूगल खातेही उघडून पाहिले. त्यात गिऱ्हाइकांची नावे आणि फोन नंबर होते. दोन दिवाळ्यांपूर्वी सगळ्यांना शुभेच्छा पाठवण्यासाठी एक सेवा जोडली होती. शुभेच्छा गेल्या, फराळ संपला, ते अ‍ॅपही फोनमधून कधीच गेले होते. पण संपर्कांची यादी पाहण्याचा त्या सेवेचा अधिकार नोंदीत तसाच होता. बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “माझं एक सोडा. पण त्या पोरांनी मला विश्वासानं नंबर दिले होते.” आपले ‘हो’ पुष्कळदा दुसऱ्याच्या वतीने दिलेले असते, ते असे.

शिक्का वर, मोर्तब खाली

आपण एखादी गोष्ट पक्की झाली की ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो. हा जोडशब्द उच्चारताना त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत हे लक्षात राहत नाही. मराठी राज्यातल्या पत्रांत मुख्य शिक्का मजकुराच्या आरंभी उमटे. तो अधिकार सांगे. हे पत्र कुणाच्या हुकुमाने निघाले ते कळे. आणि मजकूर जिथे संपे तिथे छोटी मुद्रा उमटे, ती मोर्तब. ती मर्यादा सांगे. लेखनाची सीमा इथे संपली, यापुढे कुणी एक ओळही घुसडू नये. एका मुद्रेने अधिकार द्यायचा आणि दुसरीने तो जिथल्या तिथे बांधायचा. दोन्ही असल्याविना कागद पुरा होत नसे.

आज मोबाइलवर आपण दिवसातून अनेकदा शिक्का उठवतो. मोर्तब करायची जागाच कागदावर नसते, किंवा असली तर इतकी आत दडवलेली असते की सापडत नाही.

बँकिंगच्या क्षेत्रात हा धडा गिरवला जात आहे, हे सांगताना जुन्या बँकवाल्याला थोडे समाधान वाटते. कर्जाचा हप्ता किंवा विम्याचा हप्ता खात्यातून परस्पर वळता करण्यासाठी जे फॉर्म भरून घेत, त्यांत शेवटची तारीख घालण्याऐवजी ‘रद्द होईपर्यंत’ या चौकटीवर खूण करून घेण्याचा प्रघात होता. ग्राहक दाखवलेल्या जागी सही करून मोकळा होई. पुढे रिझर्व्ह बँकेने कार्डावरून वारंवार होणाऱ्या वसुलीचे नियम केले. ते १ ऑक्टोबर २०२१ पासून पुरते लागू झाले. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचे. त्याला ते थांबवता आले पाहिजे. ठरावीक रकमेच्या वर दर वेळी नव्याने मंजुरी घ्यायची. ती मर्यादा आरंभी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. या नियमांचा पहिला महिना गोंधळाचा गेला, अनेकांचे हप्ते अडकले. पण न विचारता वर्षानुवर्षे पैसे कापत राहण्याच्या सवयीला लगाम बसला.

याहून नेटकी व्यवस्था ‘अकाउंट अ‍ॅग्रिगेटर’ची. रिझर्व्ह बँकेने तिचे नियम सप्टेंबर २०१६ मध्ये केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती प्रत्यक्ष सुरू झाली. कर्ज देणाऱ्या संस्थेला तुमच्या खात्याचा उतारा हवा असेल, तर मधल्या संस्थेमार्फत तुमची संमती घेतात. त्या संमतीत कोणती माहिती, कुणाला, कशासाठी आणि केव्हापर्यंत हे लिहावेच लागते. ती मागे घेता येते. मधल्या संस्थेला माहिती पोचवता येते, पण वाचता येत नाही. पाकीट नेणाऱ्या पोस्टमनसारखी. ही खरी मोर्तब.

देशाचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, असे तो म्हणतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. पारनेर तालुक्यातल्या माणसाला यात ओळखीचे काही दिसेल. राळेगणसिद्धी याच तालुक्यातले. ‘सरकारदरबारी काय लिहिले आहे ते आम्हाला दाखवा’ ही मागणी येथून निघाली आणि राज्याचा माहिती अधिकाराचा कायदा २००२ चा, तर देशाचा २००५ चा आहे. आता पुढचा प्रश्न विचारायचा आहे, ‘माझ्याविषयी तुमच्याकडे काय लिहिले आहे, आणि ते वाचायची मुभा मी तुम्हाला केव्हापर्यंत दिली होती?’

घरच्या घरी तपासणी

कायद्याची वाट पाहत बसायचे कारण नाही. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप्स अँड वेबसाइट्स’ आणि धंद्याच्या पानांसाठी ‘बिझनेस इंटिग्रेशन्स’ अशा याद्या असतात. गूगल खात्यात सुरक्षेच्या भागात बाहेरच्या सेवांशी असलेल्या जोडण्या दिसतात. एक्सवर ‘कनेक्टेड अ‍ॅप्स’ असतात. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ‘ऑटोपे’ची यादी असते. प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न विचारावेत. हे कोण? याला काय करता येते? याचे काम अजून आहे का? तिसऱ्याचे उत्तर नाही असेल, तर अधिकार तिथल्या तिथे काढून टाकावा. पुन्हा लागला तर पुन्हा देता येतो. त्याला खर्च नाही.

ज्यांचा धंदा अशा पानावर चालतो त्यांनी एक गोष्ट आणखी पाहावी. अधिकार माणसाला द्यायचा की पदाला? बँकेत अधिकाऱ्यांच्या नमुना सह्यांचे पुस्तक असते. बदली झाली, निवृत्ती झाली की त्या सहीचा अधिकार संपतो. तिजोरीच्या किल्ल्या नोंदवहीत सही घेऊन पुढच्याच्या हवाली होतात. शाखा एका माणसाच्या जाण्याने बंद पडत नाही, कारण अधिकार खुर्चीचा असतो. फेसबुकवरही व्यवसायाच्या नावाने खाते मांडून, माणसांना त्यात भूमिका नेमून देण्याची सोय आहे. मोठ्या संस्थांना तर एखाद्या माणसाऐवजी संस्थेच्याच नावाने सर्व्हरसाठी टोकन घेता येते. कर्मचारी गेला तरी काम अडत नाही, आणि त्याच्याबरोबर किल्लीही जात नाही. सुप्यात आता पानाची मुख्य मालकी बाईंच्या स्वतःच्या खात्याकडे आहे, भाचा मदतनीस आहे. सेवा जोडल्याची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहिलेली आहे आणि दोन महिने पुढे दुसरी खूण केलेली आहे.

घरात एखादा मुलगा किंवा मुलगी संगणकाचे काम करत असेल, असली टोकने मागणारे प्रोग्रॅम लिहीत असेल, तर त्यांना माझे चार शब्द सांगा. लागेल तेवढाच अधिकार मागा. फलक लावायचा असेल तर निरोप वाचण्याची परवानगी मागू नका. टोकन कुलपात ठेवा. प्रोग्रॅमच्या मजकुरात लिहून ठेवणे म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीलाच टांगणे. मुदत संपण्याआधी ग्राहकाला आठवण करा, संपल्यावर फलक बंद पाडून नव्हे. आणि ग्राहक गेला की त्याचे टोकन रद्द करून पुसून टाका. त्याने सांगण्याची वाट पाहू नका. तो विसरणार आहे, हे धरून चाला.

‘हो’ म्हणणाऱ्याने विसरणे हा माणसाचा स्वभाव आहे. म्हणूनच जुन्या कारकुनांनी आठवणीवर भरवसा ठेवला नाही, मजकुराच्या अखेरीस मुद्रा ठेवली. साठ दिवसांनी एखादी सेवा पुन्हा ‘परवानगी द्या’ म्हणून विचारते, तेव्हा आपण चिडतो. त्या क्षणी चिडण्याऐवजी एकदा यादी वाचावी. ज्याला विचारावे लागते, त्याच्याकडे अजून आपल्याला नाही म्हणता येते.